सुचत सगळ्यांनाच असतं, अडतं भलतीकडेच

‘माझ्यात क्रिएटिव्हिटी-बिव्हिटी काही नाही बुवा’ असं म्हणणारी माणसं बऱ्याचदा तीच असतात जी पोराला झोपवताना रोज नवी गोष्ट तिथल्या तिथे रचतात, किंवा ऑफिसातल्या एक्सेल शीटला असा काही जुगाड लावतात की शेजारचा बघत राहतो. म्हणजे सुचतं तर सगळ्यांनाच. पण तेच ‘आता काहीतरी क्रिएटिव्ह करू’ म्हणून वही उघडली की डोकं बंद. आणि ज्यांचं डोकं चालतं त्यांचं दुखणं वेगळंच, की करतोय भरपूर पण हे माझं वाटत नाही, कुणासारखं तरी वाटतं, किंवा लोकांना आवडेल म्हणून केलंय असं वाटतं. दोन्ही दुखणी वेगळी दिसतात, पण मला विचाराल तर मूळ एकच आहे: बाहेरचा परीक्षक चुकीच्या वेळी आत शिरतो. परीक्षक म्हणजे दुसऱ्याची नजर, लाइक्सचा आकडा, बक्षीस, कुणाचा तरी तयार नमुना, काहीही. तो वाईट नाहीये, त्याची गरज पडतेच, फक्त वेळ चुकते. यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय आणि ते सगळं ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ टाइप पोस्टांच्या ढिगाखाली गाडलं गेलंय, म्हणून म्हटलं जरा नीट लिहू.

१९५० साली जे. पी. गिलफर्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि अध्यक्षीय भाषणाला त्यांनी चक्क क्रिएटिव्हिटी हा विषय घेतला. त्यांनी आकडेच काढून दाखवले, की मानसशास्त्रातल्या संशोधनाच्या सूचीत सुमारे १,२१,००० नोंदी आहेत आणि त्यातल्या सर्जनशीलतेवरच्या किती, तर १८६. म्हणजे ज्या गोष्टीचं आपण एवढं कौतुक करतो तिचा अभ्यासच कुणी धड केला नव्हता. गिलफर्डनी पुढे जी मांडणी केली तिच्यातली एक गोष्ट आजही कामाची आहे. विचार करण्याच्या दोन तऱ्हा असतात, एक फाकत जाणारी आणि एक जुळत येणारी. पहिलीत एका प्रश्नाची जमतील तितकी उत्तरं शोधायची, दुसरीत त्या ढिगातून बरोबर बसेल ते उत्तर निवडायचं. सोप्यात सांगायचं तर सुचणं आणि निवडणं. दोन्ही हवीत. नुसतं सुचत राहिलं तर पसारा होतो आणि नुसतं निवडत बसलं तर निवडायला काही उरत नाही. भानगड तेव्हा होते जेव्हा आपण दोन्ही एकाच वेळी करायला जातो, अॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबल्यासारखं, आवाज खूप होतो आणि गाडी जागची हलत नाही.

आता हे प्रत्यक्ष करून बघा. गिलफर्डच्याच परंपरेतली एक प्रसिद्ध चाचणी आहे: साधी वीट घ्या आणि तिचे जितके उपयोग सुचतील तितके लिहा. कागद घ्या खरंच. भिंत बांधायची. दार अडवायचं. कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायची. चुकून टेबलाचा पाय लहान असेल तर खाली सरकवायची. खिळा ठोकायचा. उंचीवरचं काढायला पायाखाली घ्यायची. इथपर्यंत सगळे येतात, आणि सगळ्यांची उत्तरं जवळपास सारखीच असतात. मग एकदम शांतता. पेन थांबतं. डोक्यात येतं ते म्हणजे ‘झालं, एवढंच’. आणि इथे जरा चिकटून बसलं, अगदी मिनिट-दोन मिनिटं, की वेगळंच काहीतरी यायला लागतं. वीट फोडून भुकटी करायची आणि तिचा रंग वापरायचा. ओल्या मातीवर दाबून ठसे उमटवायचे. कडेचा खरखरीत भाग कानशीसारखा वापरायचा. उन्हात ठेवून किती वेळ गरम राहते ते बघायचं. नाटकात टेलिफोन म्हणून कानाला लावायची. यातले निम्मे उपयोग बिनकामाचे असतील, असू देत, पण ‘माझे’ म्हणावेत असे उपयोग याच भागात सापडतात, पहिल्या सहात नाहीत. पहिल्या सहात सगळं जग आहे.

गंमत अशी की आपल्याला नेमकं उलट वाटतं. ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन या दोघांनी २०२० मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना आधी विचारलं, तुम्ही सलग कल्पना काढत बसलात तर पुढेपुढे त्या जास्त क्रिएटिव्ह होतील की कमी? बहुतेकांना वाटलं की कमी होत जाणार, सुरुवातीला ताजं डोकं असतं ना. प्रत्यक्षात कल्पनांचा वेगळेपणा टिकून राहिला किंवा वाढला. संख्या कमी होते, कष्ट जास्त पडतात, आणि ते कष्ट पडतायत म्हणून आपण समजतो की विहीर आटली. म्हणजे बरेच लोक क्रिएटिव्ह नसतात असं नाही, ते चुकीच्या जागी उठतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात उपयोगी माहिती हीच आहे आणि हिच्यावर कुणी पोस्टर छापत नाही.

बरं, चिकटून बसायचं म्हणजे खुर्चीलाच चिकटून बसायचं असं नाही. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे सांगितले होते: तयारी, मुरणं, चमकणं आणि मग तपासून बघणं. त्यातलं मुरणं म्हणजे काम बाजूला ठेवल्यावर आत कुठेतरी जे चालू राहतं ते. ही नुसती कल्पना नाही, २००९ मध्ये या विषयावरच्या ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि कामातून बाजूला झाल्याचा फायदा होतो असं दिसलं, त्यातही मधल्या वेळात हलकंफुलकं काम केलं तर जास्त. भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, असलं काहीतरी. चालण्याचं तर थेट मोजलंय. मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये लोकांना बसून आणि ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालत असे ‘वेगळे उपयोग सांगा’ वाले प्रश्न विचारले, तर पहिल्या प्रयोगात ८१ टक्के लोकांना चालताना जास्त सुचलं. समोर निसर्ग-बिसर्ग काही नव्हता हां, कोरी भिंत होती. आणि याच अभ्यासात एक बारीक गोष्ट आहे जी सांगताना लोक गाळतात: एकच बरोबर उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्याने फायदा झाला नाही, किंचित तोटाच झाला. म्हणजे सुचायला चाला, निवडायला बसा. पुन्हा तेच, दोन वेगळी कामं.

मधल्या वेळात फोन बघितला तर तेही हलकं कामच नाही का, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. भांडी घासताना डोकं रिकामं असतं, स्क्रोल करताना त्यात दर दहा सेकंदाला दुसऱ्याचं तयार काहीतरी येऊन पडत असतं, मुरणार काय आणि कसं.

आणि जाता जाता, ‘उजवा मेंदू क्रिएटिव्ह, डावा हिशोबी’ हे सोडून द्या आता. २०१८ मध्ये रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी १६३ लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून असेच वेगळे उपयोग विचारले. ज्यांना जास्त चांगलं सुचत होतं त्यांच्या मेंदूत मन भरकटतं तेव्हा चालणारं जाळं आणि लक्ष धरून ठेवणारं जाळं, जी एरवी एकमेकांच्या विरुद्ध चालतात, ती जास्त जोडलेली दिसली. बाजूबिजू काही नाही, अख्खा मेंदू कामाला असतो.

आता येऊ परीक्षकाकडे.

१९७३ मधला एक प्रयोग आहे, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा. एका बालवाडीत तीन ते पाच वर्षांची पोरं, आणि त्यातली अशी निवडलेली ज्यांना मुळातच रंगीत स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं, कुणी सांगितलं नाही तरी जाऊन काढत बसायची. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, चित्र काढलंस तर तुला ‘गुड प्लेअर’ असं लिहिलेलं, सोनेरी तारा आणि रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला तेच सर्टिफिकेट दिलं पण आधी काही सांगितलं नाही, काढून झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, कुणाला काही न सांगता, आणि नुसतं बघत बसले की कोण किती वेळ काढतंय. आधी बक्षीस कबूल केलेली पोरं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. आणि बक्षिसासाठी काढलेल्या चित्रांचा दर्जाही कमी पडला होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांना मात्र काही झालं नाही.

हे नीट बघा, कारण याचा अर्थ लोक ‘बक्षीस वाईट’ असा काढतात आणि तसं नाहीये. दोन गटांना तेच सर्टिफिकेट मिळालं, तोच तारा, तीच रिबन. फरक एवढाच की एकाच्या डोक्यात ते काढण्याच्या आधी शिरलं होतं आणि दुसऱ्याच्या नंतर. आधी शिरलं की पोराचा स्वतःचाच स्वतःबद्दलचा हिशोब बदलतो, ‘मी का काढतोय? ताऱ्यासाठी.’ मग तारा नाही तर कशाला काढू.

पोरं आहेत हो ती, मोठ्यांचं काय, तर मोठ्यांचंही बघितलंय. टेरेसा अमाबिली यांनी १९८५ मध्ये ७२ लिहित्या माणसांना बोलावलं. प्रत्येकाने आधी एक छोटी कविता लिहिली. मग काही जणांना लिहिण्याच्या कारणांची यादी दिली आणि म्हटलं क्रम लावा. एका गटाच्या यादीत आतली कारणं होती, शब्दांशी खेळायला मजा येते वगैरे. दुसऱ्या गटाच्या यादीत बाहेरची, पैसा मिळतो, शिक्षकांवर छाप पडते वगैरे. बास, पाच मिनिटांचं काम. तिसऱ्या गटाने त्या वेळात एक गोष्ट वाचली. मग सगळ्यांनी दुसरी कविता लिहिली आणि बारा कवींनी कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसताना सगळ्या कवितांना गुण दिले. पहिल्या कवितांत गटागटांत फरक नव्हता. दुसऱ्या फेरीत बाहेरच्या कारणांची यादी वाचलेल्यांच्या कविता घसरल्या. कुणी त्यांना पैसे दिले नव्हते की धमकी दिली नव्हती, फक्त पाच मिनिटं त्या दिशेने विचार करायला लावला होता. आता विचार करा की आपण काही लिहायला किंवा काढायला बसायच्या आधी अर्धा तास कुणाचे किती फॉलोअर्स झाले ते बघून आलेलो असतो.

पैसे घेऊन काम करणाऱ्यांनी दचकायचं कारण नाही. पोट आहे, घर आहे, आणि इतिहासातली अर्धी थोर कामं कुणीतरी पैसे दिले म्हणूनच झालीत. मुद्दा पैसा मिळण्याचा नाही, हात चालत असताना नजर पैशावर असण्याचा आहे. काही जण यावर तोडगा म्हणून दोन्ही वेगळंच ठेवतात. लेखक काफ्का १९०८ ते १९२२ कामगारांच्या अपघात विम्याच्या कार्यालयात नोकरी करत होता, दुपारी दोनच्या सुमारास सुटायचा आणि रात्री लिहायचा. नोकरीला तो भरपूर वैतागलेला असायचा, त्यामुळे हे काही फार रोमँटिक चित्र नाही, पण लिखाणाला घर चालवावं लागत नव्हतं हेही खरंच. प्रत्येकाला जमेल असं नाही. मग निदान इतकं, की जे पैशासाठी करतो त्याच्या बाजूला काहीतरी एक असं ठेवायचं ज्याला गिऱ्हाईक नाही, प्रेक्षक नाही, डेडलाइन नाही. वाईट झालं तरी चालेल असं काहीतरी. हात तिथे मोकळा राहतो.

आकडा खरं बोलतो का

‘पण लोकांना आवडलं नाही म्हणजे ते चांगलं नसणारच ना’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. मॅथ्यू साल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक भारी प्रयोग प्रसिद्ध केला. एक म्युझिकची वेबसाइट बनवली, अनोळखी बँड्सची ४८ गाणी ठेवली, एकूण १४,३४१ लोक आले. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसायची. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं होतं, आणि तिथे आपल्याच जगातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडाही दिसायचा. सगळी जगं शून्यापासून सुरू झाली, गाणी तीच, माणसं त्याच तऱ्हेची. नुसत्या दर्जावर हिट ठरत असती तर आठही जगांत साधारण तीच गाणी वर यायला हवी होती. तसं झालं नाही. एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. सुरुवातीला चार लोकांनी योगायोगाने जे उचललं त्याचा आकडा वाढला, आकडा बघून पुढच्यांनी उचललं.

दर्जाला काहीच किंमत नाही असं मात्र नाही दिसलं. ज्यांना आकडे दिसत नव्हते अशा लोकांना जी गाणी सगळ्यात आवडली ती कुठल्याच जगात फारशी आपटली नाहीत आणि सगळ्यात टाकाऊ ती फारशी वर आली नाहीत. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होतं. आणि खरं सांगायचं तर तुमचं-माझं काम याच पट्ट्यात असतं. त्यामुळे एखाद्या चित्राला कमी लाइक्स आले तर त्यातून कळतं इतकंच की या जगात, या वेळी, ते उचललं गेलं नाही. त्यावरून पुढचं चित्र कसं काढायचं हे ठरवणं म्हणजे नाणं उडवून शिकवणी लावण्यासारखंच झालं.

आता याच्याहूनही चोरटा परीक्षक सांगतो, कारण हा बाहेरचा वाटतच नाही. तो म्हणजे कारण द्यायची सवय. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे. विद्यार्थिनींना काही पोस्टर्स दाखवली, मोने आणि व्हॅन गॉग या चित्रकारांची चित्रं, आणि काही विनोदी पोस्टर्स, मजेशीर चित्र आणि खाली वाक्य असली. निम्म्या जणींना सांगितलं की आधी तुला प्रत्येक पोस्टर का आवडतं किंवा का नाही ते लिही. बाकीच्यांना तसं काही लिहायला लावलं नाही. मग म्हटलं, यातलं एक घरी घेऊन जा. कारणं न लिहिणाऱ्या बहुतेक जणींनी चित्रं नेली. कारणं लिहिणाऱ्यांपैकी विनोदी पोस्टर्स नेणाऱ्या बऱ्याच जास्त निघाल्या. काही आठवड्यांनी फोन करून विचारलं तर कारणं लिहिणाऱ्या आपल्या निवडीवर कमी खूश होत्या.

का झालं असं? विल्सन यांचं म्हणणं साधारण असं की विनोदी पोस्टर का आवडलं हे सांगायला सोपं असतं, ‘हसू येतं’. मोनेच्या चित्रातल्या पाण्यात नेमकं काय आवडलं हे सांगता येत नाही. आणि जे सांगता येतं तेच आपल्याला जास्त आवडतंय असं आपण समजून बसतो. स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा जो घोळ आहे तो मला वाटतं इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी हसलं नाही, फक्त ‘का’ विचारलं, तेही लवकर, आणि माणूस आपल्या खऱ्या आवडीपासून सरकला. म्हणून एखादी कल्पना आत धडपडत असते, तिला अजून धड आकार नसतो, आणि आपण उत्साहाने चार लोकांत बोलून दाखवतो, ते विचारतात ‘पण यात पॉइंट काय आहे?’, तेव्हा आपण घाईघाईत जो पॉइंट सांगतो तो नंतर आपल्याच मानगुटीवर बसतो. पुढचं सगळं काम त्या पॉइंटचं होतं, मूळ जे धडपडत होतं ते राहूनच जातं. कच्ची कल्पना सांगू नये असं म्हणतात ते अंधश्रद्धेने म्हणत असतील, पण म्हणतात ते बरोबरच.

मग दुसऱ्यांचं बघायचंच नाही का

बघायचं की. नक्कलही करायची. पण इथेही वेळेचंच आहे. १९९१ मध्ये डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी इंजिनिअर मंडळींना डिझाइनचे प्रश्न दिले. त्यातला एक होता न सांडणारा कॉफीचा कप बनवायचा, आणि सूचना स्पष्ट होती की स्ट्रॉ किंवा तोंडाला लावायची नळी वापरायची नाही. काहींना सोबत एक नमुना दाखवला ज्यात नेमक्या त्याच गोष्टी होत्या. नमुना बघितलेल्यांनी मनाई असूनही त्या गोष्टी आपल्या डिझाइनमध्ये घातल्या, नमुना न बघितलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा. शिकलेसवरलेले लोक, सूचना समोर लिहिलेली, तरी हात तिकडेच गेला. एकदा तयार उत्तर डोळ्यासमोर आलं की त्याच्याबाहेर विचार करणं फार जड जातं.

चॅटबॉटला आधी विचारून मग लिहायला बसणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. २०२४ मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी लोकांना छोट्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना एआयने सुचवलेल्या कल्पना वापरायची मुभा होती. त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः ज्यांना मुळात कमी सुचायचं त्यांच्या. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या जास्त होत्या. म्हणजे प्रत्येकाला वाटतं माझं सुधारलं आणि सगळे मिळून एकाच जागी येऊन उभे. आधी स्वतःची ‘विटेची यादी’ करा, थांबल्यावर अजून थोडी करा, मग विचारा त्याला काय विचारायचं ते. उलट क्रमाने करू नका एवढंच.

शिकण्यासाठी नक्कल करणं मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल उगाच अपराधी वाटून घेणारे लोक दिसले की मला वाईट वाटतं. व्हॅन गॉगने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं आणि सुरुवात केली ती छापील ड्रॉइंग कोर्समधली चित्रं एकेक करून उतरवण्यापासून. १८८७ मध्ये त्याने जपानी चित्रकार हिरोशिगेची छापचित्रं तैलरंगात उतरवली. आणि शेवटच्या काळात, १८८९-९० मध्ये मनोरुग्णालयात असताना, फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांच्या वीसहून जास्त नकला केल्या, तेव्हा तो काही शिकाऊ राहिला नव्हता. पण यातली खरी मजा बघा. मिलेची चित्रं त्याच्यासमोर होती ती काळ्या-पांढऱ्या छापील रूपात. आकृती मिलेची, वाकलेली पाठ मिलेची, पण रंग? रंग कुठे लिहिलेले नव्हते. ते त्याला स्वतःचे घालावे लागले. नमुना जिथे गप्प बसला तिथे व्हॅन गॉग सुरू झाला.

आपल्याकडे कुमार गंधर्वांचं उदाहरण आहेच. लहानपणी मोठ्या गायकांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब तसं गाऊन दाखवायचे, लोक तोंडात बोट घालायचे. पुढे तरुणपणीच क्षयरोग झाला, काही वर्षं गाणंच बंद. त्या काळात अंथरुणात पडून आजूबाजूची माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती. पुन्हा गायला लागले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी होतं, पूर्वीचं घेतलेलं सगळं जसंच्या तसं गाता येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या गाण्यात ते छोटे, झपकन येऊन जाणारे तुकडे आहेत त्यांचा संबंध बरेच जाणकार या श्वासाशी जोडतात. आजार झाला म्हणून मोठे झाले असला भंपकपणा मला करायचा नाही, ताकद आणि तयारी आधीपासून होतीच. पण घेतलेलं जिथे बसेना तिथे जे उभं राहिलं ते कुणाचंच नव्हतं, त्यांचं होतं.

म्हणून ‘स्वतःचा आवाज शोधा’ हा सल्ला मला जरा अर्धवट वाटतो. आत कुठेतरी तयार आवाज ठेवलाय, ध्यान लावून तो सापडेल, असं काही नसतं. मन लावून कुणाचं तरी उतरवत जा, कुठेतरी ते आपल्या हाताला, आपल्या श्वासाला, आपल्या स्वभावाला बसत नाही. तिथे बहुतेक लोक ‘मला जमत नाही’ म्हणून नमुन्याकडे परत ओढून आणतात. नेमकी तीच जागा बघण्यासारखी असते. न बसण्यात दोन प्रकार असतात हे खरं, एक कसब कमी पडतंय म्हणून, आणि एक मला ते तसं करायचंच नाहीये म्हणून. पहिल्याला सराव लागतो. दुसऱ्याला सराव केला तर उलट बिघडतं. दोन्ही आतून ओळखायला वेळ जातो आणि त्याला शॉर्टकट मला तरी माहीत नाही, फक्त एक खूण सांगता येते, की कसब कमी असतं तेव्हा झालेलं काम आपल्यालाच खटकतं, आणि दुसऱ्या प्रकारात ‘हे चुकीचं आहे पण मला आवडतंय’ असं काहीतरी विचित्र वाटत राहतं.

आणि हे झालं की परीक्षकाला आत घ्यायचं. घ्यायचंच, टाळायचं नाही. ‘मी माझ्यासाठीच करतो, मला कुणाचं ऐकायचं नाही’ हे ऐकायला बाणेदार वाटतं पण बऱ्याचदा ते फक्त दुरुस्ती करायचा कंटाळा असतो. स्वतःशी प्रामाणिक म्हणजे आहे तसंच सोडून देणं नव्हे. कच्चा खर्डा पूर्ण झाल्यावर, काही दिवस बाजूला ठेवून, एक-दोन माणसांना दाखवायचा. माणसं अशी की ज्यांना तुमचं कौतुकही करायचं नाही आणि तुम्हाला शिकवायचंही नाही. अशी माणसं कमी असतात, एखादं मिळालं तरी पुरे.

विचारायचं काय हेही ठरवून ठेवा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ येणार, नाहीतर ते स्वतः कसं केलं असतं ते सांगणार, दोन्हींचा उपयोग शून्य. त्यापेक्षा ‘कुठे कंटाळा आला?’, ‘कुठे कळलं नाही?’, ‘कुठल्या जागी नजर थांबली?’ असं विचारा. जागा त्यांनी दाखवायची, उपाय आपण शोधायचा. वाचणारा एखादी जागा कळली नाही म्हणतोय तर त्याचं बरोबरच असतं, त्याला नाही कळली म्हणजे नाही कळली. पण ‘इथे असं कर’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा तुमचं काम त्याच्या आवडीकडे ओढत असतो, प्रेमानेच ओढतो, तरी ओढतोच. दोघंतिघं वेगवेगळे लोक एकाच जागी अडखळले तर ती जागा दुरुस्त करा. प्रत्येक जण वेगळ्याच जागी अडखळला असेल तर बहुतेक ज्याची त्याची आवड बोलतेय, राहू द्या तसंच. आणि सगळे ज्या ओळीवर बोट ठेवतायत तीच ओळ जर तुम्हाला जिवापाड हवी असेल तर तिला हात लावायच्या आधी तिच्या मागच्या-पुढच्या दोन ओळी बदलून बघा, बरेचदा घोळ तिथे असतो.